गावच्या पाण्यापुरता ट्रस्ट

बुडून गेलेल्या मुलाचं वर्षश्राद्ध जवळ आलं की घरात हमखास एक बोलणं निघतं : त्याच्या नावानं काहीतरी करू या. कुणी शाळेला कपाट सुचवतं, कुणी देवळाच्या सभामंडपाला फरशी, कुणी वह्यावाटप. यातलं काहीच वाईट नाही. पण एखाद्या घरात आत्या किंवा थोरला भाऊ म्हणतो, "ते सगळं ठीक आहे, पण त्या विहिरीचं काय? ती अजून तशीच उघडी आहे." कुटुंबाचे छोटे ट्रस्ट पुष्कळदा अशा एखाद्या वाक्यातून उभे राहतात. पैसा थोडा असतो, माणसं घरचीच, आणि अनुभव शून्य. अशा ट्रस्टनं मुलांच्या पाण्यापासूनच्या सुरक्षिततेचं काम हाती घेतलं तर ते नेमकं चालतं कसं, हे इथे सावकाश बघू. माझं मत आधीच सांगून टाकतो : असा ट्रस्ट एका गावच्या, फार तर पाच-सात वाड्यांच्या पाण्यापुरता असावा. त्याची खरी पुंजी बँकेत नसते. कोणत्या बांधावरून कोणाची मुलं शाळेला जातात हे त्याच्या माणसांना ठाऊक असतं, ती पुंजी.

आकडे एकदाच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगभरात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली; त्यांतला साधारण चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत अलीकडच्या वर्षांत बुडून झालेल्या मृत्यूंचा आकडा 35 हजारांच्या वर राहिला आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2021पासून 25 जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा दिवस ठरवला आणि 2023च्या डिसेंबरात आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानंही या विषयाचा आराखडा काढला. दिल्लीतला आराखडा गावच्या आडापर्यंत येईस्तोवर वेळ लागणार, म्हणून मधली जागा या ट्रस्टची.

काम सुरू करण्याआधी माणूस बुडतो कसा हे घरातल्या सगळ्यांनी नीट समजून घ्यायला हवं. सिनेमातला बुडणारा हात हलवतो, "वाचवा" म्हणून ओरडतो. खरा बुडणारा बहुतेक वेळा गप्प असतो. न्यूयॉर्कमधले जीवरक्षक फ्रँक पिया यांनी 1970च्या सुमारास बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून बारकाईनं पाहिलं. त्यांना दिसलं ते असं : शरीर पाण्यात उभं राहतं, डोकं मागे कलतं, दोन्ही हात बाजूला पसरून पाणी खाली दाबू पाहतात. श्वास घ्यायलाच तोंड जेमतेम वर येतं, मग ओरडणार कशानं? हे वीस सेकंदं ते मिनिटभर चालतं आणि संपतं. काठावर दहा माणसं कपडे धूत असली तरी लक्षात येत नाही, ते यामुळे. मुलांना पाण्याजवळ सोडून "लक्ष आहे माझं" म्हणणाऱ्या माणसाचे डोळे मोबाइलवर असतील तर ते लक्ष नव्हे, हेही यातच आलं.

वयानुसार धोक्याची जागा बदलते. रांगणाऱ्या आणि नुकत्या चालू लागलेल्या बाळाला बादली, पिंप, अंगणातला हौद किंवा गुरांचं टाकंही पुरतं. डोकं खाली गेलं की त्याला ते वर काढता येत नाही. सहा ते चौदा वर्षांची मुलं विहीर, ओढा, बंधाऱ्याचा डोह, वाळू उपसून झालेले खड्डे आणि खडी काढून सोडून दिलेल्या खाणींत सापडतात. त्यापुढची पोरं सहलीत जातात : धबधबे, धरणं, समुद्र. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे 14 विद्यार्थी बुडाले. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. या शेवटच्या गटासाठी गावातला ट्रस्ट फार काही करू शकत नाही. सहल निघण्याआधी शाळेत जाऊन तासभर बोलणं, एवढंच. पहिल्या दोन गटांसाठी मात्र तो सरकारपेक्षा जास्त करू शकतो.

म्हणून पहिलं काम चालण्याचं. उन्हाळ्यात एकदा आणि पाऊस लागल्यावर पुन्हा एकदा, गावातली दोन-चार मुलं सोबत घेऊन सगळी पाणवठ्याची ठिकाणं फिरायची. मुलं हवीतच, कारण मोठ्यांना माहीत नसलेल्या पोहायच्या जागा त्यांनाच माहीत असतात. वहीत लिहायचं : जागा, मालक, खोली, काठ कसा आहे, जवळून शाळेची वाट जाते का, आत पडलेला माणूस स्वतः बाहेर येऊ शकतो का. या शेवटच्या प्रश्नावर सगळं अडतं. जुन्या दगडी विहिरीला पायऱ्या किंवा भिंतीत बसवलेले पायटे असतात. पडलेला पोरगा घाबरला नाही तर धरून राहू शकतो. ओढ्याला काठ असतो. शेततळ्याला यातलं काहीच नसतं.

शेततळ्यावर थोडं थांबू, कारण महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात गेल्या काही वर्षांत पाण्याची ही नवी जागा तयार झाली आणि गावाच्या सवयी तिच्याशी अजून जुळलेल्या नाहीत. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. त्यात 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल एवढ्या आकारापर्यंतची तळी होती. पाणी मुरू नये म्हणून फळबागवाले तळ्याला प्लॅस्टिकचं अस्तर घालतात. चारी बाजू उताराच्या, वर गुळगुळीत कागद, त्यावर महिन्याभरात शेवाळ. चेंडू काढायला किंवा हात धुवायला वाकलेलं मूल घसरलं की सरळ खाली जातं. पोहता येत असलं तरी उपयोग मर्यादित, कारण काठाला पोचून धरायचं काय? हाताला काही लागत नाही, पाय टिकत नाही, दोन-तीनदा वर चढायचा प्रयत्न करून दम जातो. मग ओरडा ऐकून आई किंवा बाप उडी मारतो, आणि त्यालाही बाहेर येता येत नाही. एकाच घरातल्या दोघांच्या बातम्या वाचताना लोक "पोहता येत नसावं" म्हणतात. पुष्कळदा दोष पोहण्याचा नसतो, त्या उताराचा असतो.

उपाय स्वस्त आहे. तळ्याच्या चारही बाजूंना एकेक जाड दोर, बांधाच्या बाहेरच्या अंगाला ठोकलेल्या लोखंडी खुंट्याला बांधलेला, उतारावरून खाली पाण्यात सोडलेला. दोराला फूटभर अंतरावर गाठी, म्हणजे ओला हात घसरत नाही. खालच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा कॅन, म्हणजे पाणी वाढलं-घटलं तरी टोक वर दिसतं. दोर घेताना एक गोष्ट दुकानदाराला विचारायची : नायलॉनचा दोर पाण्यात बुडतो, पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो, आपल्याला तरंगणारा हवा. शेतकऱ्याची पहिली हरकत असते की कागद फाटेल. त्याचं बरोबर आहे, तो कागद त्यानं कर्ज काढून घातलेला असतो. म्हणून दोर जिथे बांधावरून वळतो तिथे जुन्या टायरचा तुकडा खाली घालायचा आणि अस्तराला कुठेही भोक पाडायचं नाही. दुसरी हरकत, "दोर दिसला की पोरं पोहायला येतील." यावर उत्तर कुंपण. काटेरी तारेपेक्षा जाळी बरी, आणि दाराला कडी मुलाच्या हाताच्या वर. कुंपणाला खर्च जास्त येतो, म्हणून ट्रस्टनं आधी सगळ्या तळ्यांना दोर बांधावेत आणि कुंपणाला शाळेच्या वाटेवरच्या तळ्यांपासून हात घालावा. एका तळ्याला झकास कुंपण घालून त्यावर नावाची पाटी लावण्याचा मोह मोठा असतो, पण बाकीची तळी मग उघडीच राहतात.

विहिरींचंही थोडक्यात असंच : कठडा, जमिनीलगतच्या आडाला झाकण, काठाचं गवत काढणं, आणि हाताशी टांगलेला एक कॅन व दोर. कॅनमध्ये पेलाभर पाणी ठेवलं की तो फेकताना वाऱ्यावर भरकटत नाही.

आता पोहणं. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकायची रीत जुनी आहे. पाठीला वाळक्या भोपळ्यांची सांगड, कुठे पांगाऱ्याचं हलकं लाकूड, पुढे पत्र्याचा डबा, मग ट्यूब. वर काठावर मामा, आणि पहिल्या दिवशी न विचारता दिलेला ढकला. या रीतीनं पिढ्या शिकल्या हे खरं. ज्यांना भीती बसली ते जन्मभर पाण्यापासून लांब राहिले, हेही खरं. आणि मुलींना बहुतेक गावांत ती वाट कधी मिळालीच नाही. बांगलादेशात 'स्विमसेफ' नावाच्या कार्यक्रमानं गावच्या तळ्यातच बांबूची मचाणं बुडवून उथळ जागा तयार केल्या आणि चार वर्षांपुढच्या मुलांना तिथे शिकवलं. कसोटी अगदी साधी : 25 मीटर पोहता यावं, अर्धा मिनिट तरंगता यावं आणि दुसऱ्याला काठावरून मदत करता यावी. शिकलेल्या मुलांमधले बुडून होणारे मृत्यू खूपच घटले. शर्यतीचं पोहणं तिथे कुणी शिकवत नव्हतं, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

छोट्या ट्रस्टनंही तलाव बांधायच्या फंदात पडू नये. तलाव म्हणजे पाणी शुद्ध ठेवणं, वीज, पहारा. तीन वर्षांत सगळी देणगी तोच पिऊन टाकतो. तालुक्याच्या नगरपालिकेचा तलाव एप्रिल-मेमध्ये सकाळचे दोन तास भाड्यानं मिळतो का बघावं. नाही तर शेतावरच्या पक्क्या टाकीत कमरेइतकं पाणी घेऊनही पहिले आठ-दहा दिवस उत्तम शिकवता येतं. क्रम असा : पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडणं, पाठीवर पडून तरंगणं, पडल्यावर वळून काठाकडे येणं, आणि मग हातपाय मारणं. पाठीवर तरंगणं सगळ्यात महत्त्वाचं आणि मुलांना ते सगळ्यात कंटाळवाणं वाटतं. त्यांना सूर मारायचा असतो. शेवटच्या आठवड्यात एक दिवस शाळेच्या गणवेशात पाण्यात उतरवायचं, कारण मूल पडतं तेव्हा पोहायच्या कपड्यांत नसतं.

आणि एक धडा कोरडाच, काठावर. मित्र बुडताना दिसला तर उडी मारायची नाही. ओरडून माणसं बोलवायची, काठी पुढे करायची, ओढणी, उपरणं, दोर, कॅन जे हाती असेल ते फेकायचं, आणि स्वतः आडवं पडून ओढायचं, म्हणजे आपण ओढले जात नाही. 2020 साली तमिळनाडूत पेरंबलूरजवळच्या कोट्टारै धरणावर तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून फेकल्या आणि बुडणाऱ्या चौघांपैकी दोघांना बाहेर काढलं. आपल्याकडच्या मुलांना शौर्याची गोष्ट सांगायचीच असेल तर ही सांगावी. पाण्यात उडी घेणाऱ्याच्या गोष्टी ऐकून वाढलेली मुलं उड्याच घेतात.

मुलांसोबत काम म्हणजे जबाबदारी ट्रस्टची, ओळखीची नव्हे. "आमच्या शेजारचाच पोरगा आहे, छान पोहतो" एवढ्यावर प्रशिक्षक नेमू नये. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी, पाण्याजवळ कायम दोन मोठी माणसं असावीत, मुलींसाठी बाई प्रशिक्षक आणि कपडे बदलायला बंद खोली असावी. एका प्रशिक्षकाकडे पाचाच्या वर मुलं देऊ नयेत. पालकांचं लेखी संमतिपत्र घ्यावं, त्यात फिट, दमा, हृदयाचा त्रास असे प्रश्न असावेत. मुलींना टी-शर्ट आणि लेगिंग्जमध्ये पोहू द्यावं. पोशाखावर अडून बसलं की त्या येतच नाहीत. फोटो देणगीदारांना पाठवायचे तर आईबापांना विचारून, ओल्या कपड्यांतले मुळीच नकोत.

बाहेर काढलेल्या मुलाचं पुढे काय करायचं, याबाबत गावात फार चुकीच्या समजुती आहेत. उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोटावर पाय देऊन पाणी काढणं. या सगळ्यात जातात ती मोलाची मिनिटं. बुडालेल्याला कमी पडलेला असतो तो प्राणवायू. श्वास चालू नसेल तर मूल सपाट उताणं ठेवून, हनुवटी वर करून, नाक दाबून आधी तोंडानं श्वास द्यायचे आणि मग छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 या वेगानं दाब. 30 दाबांमागे 2 श्वास, रुग्णवाहिका येईपर्यंत. तेवढ्यात दुसऱ्यानं 108 लावायचा. हे वाचून येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विनंती करून पुतळ्यावर हात बसवून घ्यावा लागतो. ट्रस्टनं खरेदीत पहिली वस्तू कोणती घ्यावी, असं विचाराल तर दोर आणि दुसरी हा पुतळा. तो गावोगाव फिरवता येतो, आणि आशाताई, अंगणवाडीताई, ग्रामपंचायतीचा शिपाई, पंपावर राहणारा सालगडी यांना आधी शिकवावं. घटना घडते तेव्हा हीच माणसं जवळ असतात.

लहान बाळांना पोहणं शिकवण्याचा काहीच फायदा नाही. त्यांना नजर हवी. बांगलादेशात सकाळी नऊ ते एक या वेळात पाळणाघरं चालवली, कारण आई कामात आणि बाळ अंगणात अशी तीच वेळ होती. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांच्या जवळून पाटचारी वाहत असते आणि दोन वर्षांचं पोर पाच वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात असतं. एखाद्या आजीला मानधन देऊन चार तास दहा बाळं सांभाळायला सांगणं, त्यांना खाऊ देणं, हे काम वह्यावाटपाइतकं फोटोत खुलत नाही. पण माझ्या हिशेबात ते दोरांच्या खालोखाल येतं.

कागदांकडे येऊ. संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी काढायची तर किमान सात माणसं लागतात. कुटुंबाला ट्रस्ट सोपा पडतो. न्यासपत्र करायचं, त्यात उद्देश लिहायचे, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950खाली जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तीन महिन्यांच्या आत नोंदणीसाठी अर्ज करायचा. उद्देश लिहिताना वकील छापील मसुदा पुढे करतात : गोशाळा, वृद्धाश्रम, वैद्यकीय महाविद्यालय, सगळंच. तो नम्रपणे परत करावा. आपले उद्देश चार ओळींत मावतात : मुलांची पाण्यापासूनची सुरक्षितता, पोहण्याचं व प्रथमोपचाराचं शिक्षण, आपत्तीग्रस्त मुलांच्या शिक्षणाला मदत. विश्वस्त बदलला, वारला, पत्ता बदलला तर 90 दिवसांत फेरफार अर्ज, ज्याला कचेरीत सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. हे राहून गेल्यामुळे वडील गेल्यावर बँक खातं अडकलेले कौटुंबिक ट्रस्ट ढिगानं आहेत.

प्राप्तिकराच्या दोन नोंदण्या लोकांच्या तोंडी अजून '12 ए' आणि '80 जी' म्हणूनच आहेत, नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले तरी. पहिलीमुळे ट्रस्टचं उत्पन्न करमुक्त राहतं, दुसरीमुळे देणगीदाराला सवलत मिळते. सवलतीचा फार गाजावाजा करू नये. नव्या करप्रणालीत असलेल्या पगारदाराला ती मिळत नाही, आणि 2000 रुपयांवरची रोख देणगी तिला पात्र नसते. घरच्या ट्रस्टला सगळ्यात जास्त जपायची गोष्ट वेगळीच आहे : ट्रस्टचा पैसा विश्वस्तांच्या किंवा त्यांच्या नातेवाइकांच्या फायद्याला गेला तर करमाफीच धोक्यात येते. वहिनीच्या दुकानातून चढ्या भावानं दोर, भाच्याला कामाविना पगार, ट्रस्टच्या गाडीतून लग्नाला जाणं. हेतू वाईट नसतो, तरी नोंद वाईट होते. म्हणून पाचांपैकी दोन विश्वस्त घराबाहेरचे घ्यावेत, एखादे निवृत्त मुख्याध्यापक, एखादी परिचारिका. घरातल्या जेवणाच्या टेबलावर जे कुणी विचारत नाही ते ही माणसं विचारतात.

परदेशातल्या काकांचा पैसाही जपून. काका भारतीय नागरिक असतील आणि आपल्या कमाईतून बँकेमार्फत देत असतील तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरली जाते, मग ते कितीही सख्खे असोत. तिच्यासाठी 'एफसीआरए' नोंदणी लागते आणि ती मिळायला सर्वसाधारणपणे तीन वर्षांचं काम व त्या काळात 15 लाखांचा खर्च दाखवावा लागतो. गावच्या ट्रस्टला हे झेपत नाही. काकांना सांगावं, सुट्टीत या आणि मुलांना तरंगायला शिकवा.

जिथे मूल गेलंच आहे त्या घरी ट्रस्टनं लगेच कागदाचं काम उचलावं. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूनंतर 2 लाख रुपये मिळू शकतात आणि पाण्यात बुडणं त्यात येतं. कुटुंबातल्या एका सदस्याचाही त्यात समावेश आहे, मात्र वय 10 ते 75च्या दरम्यान हवं. त्यासाठी पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा हे सगळं त्या दिवसांत त्या घराकडून कसं होणार? हे काम ट्रस्टचे लोक चांगलं करतात, कारण त्यांनी ते स्वतःसाठी केलेलं असतं.

वर्षाचा हिशेब 31 मार्चला मिटतो, कामाचं वर्ष मात्र वेगळं असतं. फेब्रुवारीत पाणवठ्यांची फेरी, एप्रिल-मेमध्ये शिकवणं, परीक्षा संपल्याच्या दिवशी डोहांवर माणूस उभा, जूनमध्ये दुसरी फेरी, गणपती विसर्जनाला कॅन आणि दोर घेऊन घाटावर, दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत एक तास, ऊसतोड लागली की पाळणाघर. अहवालात "इतके जीव वाचवले" असं लिहू नये; ते मोजता येत नाही आणि कुणी तपासतही नाही. किती शेततळ्यांपैकी कितींना दोर आहेत, त्यांतले किती या महिन्यात जागेवर सापडले, किती मुलांना अर्धा मिनिट तरंगता येतं, हे मोजता येतं. दोर उन्हानं वर्ष-दोन वर्षांत कुजतात. काही गुरांना बांधायला जातात. म्हणून दर मेमध्ये ते ओढून बघायचे, तंतू सुटत असतील तर बदलायचे, आणि कोणत्या तळ्याचा दोर कधी बदलला याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची. यादीत ज्या तळ्यापुढे तारीख नसेल, त्याच्या मालकाला गावातलेच लोक विचारतात.